दश्शी की अठ्ठी?

प्रश्न : ताई, आम्ही चुलतभावंडं दर शनिवारी चिंचोके लावून ओमाहा (हातात चार पानं असलेला पोकर) खेळतो. गुलाम-दश्शी-नव्वी-सत्ती आणि गुलाम-नव्वी-अठ्ठी-सत्ती हे दोन हात मला सारखेच वाटतात. फरक एकाच पानाचा. भाऊ म्हणतो, दुसरा हात फसवा आहे. खरं का? आणि चारही पानं बदामाची आली तर ते भाग्यच ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भाऊ बरोबर आहे, आणि हे मी चिंचोके घालवून शिकले. गेल्या दिवाळीत माझ्याकडे हाच दुसरा हात होता. फ्लॉपवर, म्हणजे पटावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, गुलाम-दश्शी-दुर्री, पुढे राणी. अठ्ठीपासून राणीपर्यंत स्ट्रेट (सलग पाच पानं) लागला म्हणून मी पुढ्यातले सगळे चिंचोके सरकवले. धाकट्या दिरांनी शांतपणे एक्का-राजा टाकले.

रात्री ओट्यावर पत्ते मांडून मोजलं. ओमाहात हातातली दोनच आणि पटावरची तीनच पानं घ्यायची, हे धरून. त्या फ्लॉपवर स्ट्रेट करणारी पानं तेरा : तीन सत्त्या, तीन अठ्ठ्या, तीन नव्व्या, चार राण्या. पण ज्यावर कुणाचाच स्ट्रेट चढत नाही असा नट फक्त सत्तीवर. म्हणजे तेरातली तीन पानं खरी, बाकी दहा दुसऱ्याचा खिसा भरणारी!

आता तुमचा पहिला हात. त्याच्या गुलाम-दश्शी-नव्वीखाली अठ्ठी-सत्ती-दुर्री पडली तर तेराही पानं नट. अर्थात नव्वी-अठ्ठी-सत्तीलाही छक्की-पंजीवर तेरा मिळतात, तिथे बरोबरी. फरक पडतो तो पटावरची पानं आपल्यापेक्षा वरची आली की. राजा-राणी-दुर्रीवर गुलाम-दश्शी-नव्वीला तेरातली सात नट, चार एक्के आणि तीन नव्व्या. अठ्ठीवाल्याला गुलाम-दश्शीवर तीनच. म्हणून हातातल्या क्रमातली मोकळी जागा (सुटलेलं पान) तळाशी असलेली बरी, गुलामाच्या लगेच खाली नको. दोघंच खेळत असाल तर एवढं जाणवणार नाही. पाच-सहा भिडू बसले की कुणाकडे तरी वरचा स्ट्रेट असतोच.

चार बदामांचं म्हणाल तर दोनच वापरता येतात, उरलेले दोन तुमचेच फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) अडवतात. हातात दोन बदाम असतील तर बाहेर अकरा राहतात, चार असतील तर नऊ. त्यापेक्षा दोन बदाम, दोन किल्वर आले तर खुशाल आनंद माना. आणि भावाला चहा पाजा.