खर्जाच्या तारेतला गंधार

कवींना विश्वात सुसंवाद दिसतो, पण विज्ञानाला तो खरंच सापडलाय का, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी सदाशिव पेठेत गाणं शिकायला जाते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा.

आधी तानपुरा. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार षड्जात (‘सा’मध्ये) लावलेली असते. पण तानपुरा सुरेल लागला आणि जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली घडण, चांगली असली, की त्याच तारेतून हळूहळू गंधार (‘ग’) ऐकू येऊ लागतो. तो कुणी लावलेला नसतो, म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार एकाच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वेगांनीही कंप पावते. त्यातलं पाचपट कंपन म्हणजे हा गंधार, चौपट कंपनाच्या म्हणजे वरच्या षड्जाशी ५:४ असं नातं सांगणारा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते आणि माझे डोळे भरून आले होते.

आता खगोलशास्त्रज्ञ केप्लर. १६१९ साली छापलेल्या ‘हार्मोनिसेस मुंडी’ या पुस्तकात त्यानं ग्रहांच्या गतीत स्वरांची गुणोत्तरं शोधली. शनी सूर्यापासून सर्वांत दूर असतानाचा आणि सर्वांत जवळ असतानाचा, सूर्यावरून दिसेल असा वेग त्यानं ताडून पाहिला. उत्तर आलं साधारण ४:५. आपला षड्ज-गंधारच की! पण या जुळणीमागे भौतिक कारण सापडलं नाही, म्हणून विज्ञानानं ती सोडून दिली. त्याच शोधाशोधीत मिळालेला एक नियम मात्र टिकला: ग्रहाच्या वर्षाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट लांब आहे, त्याचा घन सुमारे १४०.६. गुरूचं वर्ष आपल्या ११.८६ वर्षांचं, त्याचा वर्ग सुमारे १४०.७. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी आले की सगळी मुलं गप्प होतात.

तेव्हा सुसंवाद सापडला, पण केप्लर शोधत होता तो नव्हे. आणि त्याचे दिवस कसे होते? १६१८ मध्ये त्याची लहान मुलगी गेली, आईवर चेटकीण असल्याचा आरोप होता, त्याच वर्षी युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं.

ग्रह नियमानं फिरत होते, माणसांत मात्र सुसंवाद नव्हता. म्हणून मला पसायदान आठवतं. संतांना जे आधीच ठाऊक होतं तेच विज्ञान आता सिद्ध करतंय, असं म्हणत लोक ते पुढे करतात. मला ते पटत नाही. ‘भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें’ यातलं क्रियापद बघा. ज्ञानेश्वर ‘आहे’ म्हणत नाहीत, ‘पडो’ म्हणतात. ग्रह आपला नियम पाळतातच, त्यासाठी कुणाला हात जोडावे लागत नाहीत. जीवांमधलं मैत्र मात्र मागावं लागतं, आणि आळंदीच्या या कवीनं ते स्वतःसाठी नाही, सगळ्यांसाठी मागितलं. दोन्हींना सुसंवाद म्हणा, पण एक शोधायचा आहे आणि दुसरा घडवायचा.

पुण्यात असाल तर ओळखीच्या कुणाच्या रियाझाला जाऊन बसा आणि दहा मिनिटं नुसती खर्जाची तार ऐका. गंधार लगेच आला नाही तरी पुन्हा जा. मला तो ऐकू यायला तीन महिने लागले होते.