ताई, लेक घरात 'स्टँड' घेते!

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी नववीत आहे. रोज जेवताना आमच्याकडे तो रिअ‍ॅलिटी शो लागतो, एका घरात कोंडलेले लोक भांडत असतात तो, आधी मलाही मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. पण आता ही तसंच बोलायला लागलीये. ताट उचल म्हटलं की 'मला टार्गेट करू नको', भाऊ काही बोलला की 'हा तुझा गेम आहे'. गेल्या महिन्यात पहिलीपासूनच्या मैत्रिणीशी वाजलं, कशावरून तर गॅदरिंगच्या डान्सला पुढे कोण उभं राहणार. त्या पोरीने रात्री रडत रडत सॉरीचा व्हॉइस मेसेज पाठवला, तो हिने क्लासला चार मुलींना स्पीकरवर ऐकवला. वर मला सांगते, मी स्टँड घेतला! मिस्टर म्हणतात केबलच काढून टाकू. इथे जवळच मोहित्यांच्या वडगावात भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद करतात, तसं करावं का?
— एक आई, विटा

उत्तर : अहो, केबल राहू द्या आधी. वडगावचा भोंगा मलाही आवडतो, 2022 च्या 15 ऑगस्टपासून सुरू झालाय, संध्याकाळी 7 ला वाजतो नि दीड तासाने परत वाजतो, पण तो चालतो कारण तेव्हा अख्ख्या गावाचा टीव्ही बंद असतो, एकट्या एका पोरीचा नाही. तुमच्याच घरात बंद केलात तर बाकीच्या मुली कालच्या एपिसोडवर बोलणार आणि ही गप्प बसणार, शिवाय मोबाईलवर तुकडे दिसणारच, म्हणजे शो बघितलाच, वर तुमच्यापासून लपवून. या वयात ग्रुपमधून बाहेर पडायची भीती परीक्षेपेक्षा मोठी असते.

बघून तसं वागणं काही नवं नाही. शक्तिमान लागायचं तेव्हा माझा धाकटा भाऊ गोल गोल फिरत ट्रंकेवर आपटला होता, हनुवटीला 3 टाके! तुमची लेक गिरकी नाही, भांडायची पद्धत उचलतीये.

यावर एक जुना प्रयोग आहे, 1965 चा, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा. बालवाडीतल्या मुलांना फिल्म दाखवली, एक माणूस मोठ्या बाहुलीला बडवतोय. काहींच्या फिल्ममधे शेवटी त्याला शाबासकी आणि खाऊ मिळतो, काहींच्यात ओरडा बसतो. ओरडा बघितलेल्या पोरांनी नक्कल कमी केली. पण नंतर सगळ्यांना सांगितलं, करून दाखवा, बक्षीस देऊ, तर त्यांनाही सगळं पाठ होतं! म्हणजे शिकली सगळीच, करायचं का नाही ते फायदा बघून ठरवलं. (ती पोरं बालवाडीतली होती, नववीतल्या मुलीच्या डोक्यात त्याहून बरंच काही चालू असतं, ते सोडून देऊ नका.)

आता तुमच्या त्या शोमधे बक्षीस कुणाला मिळतं बघा. जो किंचाळतो तो प्रोमोत, जो गपचूप भांडी घासतो तो एडिटिंगमधे गायब. सॉरी म्हणणारा तिथे कमजोर ठरतो. आणि भांडण दोघांचं असलं तरी ते एकट्याने कॅमेऱ्यासमोर बसून सगळ्या जगाला सांगायचं, तसा तो खेळच आहे. तो मेसेज चौघींना ऐकवला ना, ते तिथून आलंय असं मला वाटतं, आणि तुमच्या पत्रात मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. 'टार्गेट'चं काही नाही हो, सहा महिन्यांनी दुसरा शब्द येईल.

टीव्हीने वाईटच होतं असंही नाही बरं का. ज्या सासू-सुनांच्या सिरियल्सना आपण नाकं मुरडली त्यांच्या काळात खेड्यापाड्यांत केबल आलं त्यावर जेन्सन आणि ऑस्टर या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आहे, 2009 ला छापून आला, त्यात गोव्यातली गावंही होती. केबल आल्यावर तिथल्या बायका 'नवऱ्याने मारलं तर चालतं' असं कमी म्हणायला लागल्या, मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला.

मग तुम्ही काय करायचं, तर तिच्या शेजारी बसून बघा, प्रवचन न देता. प्रोमो लागला की सहज विचारा, 'भांडण दीड मिनिटाचं, बाकी दिवसभर काय केलं असेल गं यांनी?' कापाकापी तिला तुमच्यापेक्षा जास्त कळते, रील्स करत असेलच. आणि घरातही जरा बघा, तिने आवाज चढवला की तुम्ही तिघंही घास हातात धरून तिच्याकडेच बघता का? मग कॅमेरा तुमच्याच घरात लागलाय! 'टार्गेट' म्हणाली की हसायचं नाही, चिडायचं नाही, 'बरं, ताट उचल' एवढंच.

त्या मैत्रिणीचं मात्र सोडू नका. भाऊ-बाबा समोर नसताना, भाकरी करता करता वगैरे, विचारा की तुझा रडका मेसेज तिने असा स्पीकरवर लावला असता तर? उत्तर लगेच येणार नाही, पाय आपटत खोलीत जाईल, जाऊ दे. त्या मुलीच्या आईला तुम्ही फोन करू नका. चार दिवसांनी स्वतःहून म्हणाली की तिच्याकडे जायचंय तर गाडीवर सोडा, आणि वर जाऊ नका, खालीच थांबा.