ट्रॉम्बोनला घरी पाठवू नकोस

प्रिय मित्रा,

तुझी दोन्ही रेकॉर्डिंग्ज हेडफोन लावून ऐकली, तीन वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं. दुसऱ्यात चाली लांबल्यात, शब्दांना वजन आलंय, ड्रमर चक्क थांबायला शिकलाय. आणि खाली तू लिहितोस, "आता आम्ही सिरियस होतोय, तर हॉर्न्स काढावेत का?" हॉर्न्स म्हणजे तुमचे ट्रॉम्बोन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, फुंकून वाजवायची वाद्यं. हेच वाक्य मी एकेकाळी आमच्या ट्रॉम्बोनवाल्याला तोंडावर ऐकवलं होतं. म्हणून आधी उत्तर देतो: हॉर्न्स काढू नकोस, त्यांना जागा दे.

हॉर्न्स म्हणजे पोरखेळ, हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं? क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा १९७७ चा पहिला अल्बम घे. गिटार, बास, ड्रम्स आणि आरडाओरडा. हॉर्न्सचा पूर्ण ताफा आला तो 'लंडन कॉलिंग' या अल्बममध्ये, डिसेंबर १९७९ ला, म्हणजे बँड वाढल्यावर. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्स या स्का बँडने पहिल्या अल्बमसाठी रिको रॉड्रिग्जला बोलावलं. हा जमैकातल्या किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये ट्रॉम्बोन शिकलेला, पंचेचाळिशीला आलेला माणूस. १९६७ च्या ज्या गाण्यात त्याने ट्रॉम्बोन वाजवला होता, तेच गाणं या पोरांनी पुन्हा केलं आणि ट्रॉम्बोनवर पुन्हा तोच. नीट ऐक. तो फार वाजवत नाही. पण त्याची ओळ येते तेव्हा बाकीचे बाजूला होतात. याला म्हणतात जागा देणं.

तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तसं होत नाही. तू पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारा पेडल, दाबून बसलायस. ट्रॉम्बोनचा आवाज आणि तुझ्या गिटारचा आवाज एकाच मधल्या टप्प्यात, ना फार खर्ज ना फार तार, गर्दी करतात, मग तो बिचारा जोर लावून फुंकतो, तरी ऐकू येत नाही, आणि तू म्हणतोस हॉर्न्समुळे गाणं गढूळ होतं! गढूळ तू करतोयस. जागा दे.

दुसरं म्हणजे तुमची प्रत्येक चाल 'ई' या पट्टीत. तुझ्या हाताला सोयीची म्हणून. पण ट्रम्पेट आणि आल्टोचे सूर गिटारपेक्षा वेगळ्या नावांनी लिहितात, त्यामुळे तुझ्या 'ई'साठी ट्रम्पेटवाल्याला एफ शार्पमध्ये, सहा शार्प (चढे सूर) सांभाळत वाजवावं लागतं. आल्टो सॅक्सोफोनवालीला सात. अर्धा सूर खाली ये, 'ई फ्लॅट' घे. ट्रम्पेटला एकच फ्लॅट (उतरा सूर) उरतो, आल्टोला काहीच नाही. गाणाऱ्याला फरक जाणवणार नाही, आणि ऑफबीटचे, म्हणजे ठोक्यांच्या मधले, तुटक स्ट्रोक तू बार कॉर्डनेच, एका बोटाने सगळ्या तारा दाबून, मारतोस, तुला उघड्या तारा लागतात कुठे? तीन वर्षांत एकदाही त्या दोघांना विचारलं नाहीस, याचा मला खरंच राग आला.

राग तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. मीही विचारलं नव्हतं. आम्ही सात जण, मिळणारं मानधन चौघांनाही पुरत नव्हतं, म्हणून तिघं कमी केले. पैशांची अडचण खोटी नव्हती, हे मी आजही ठासून सांगेन. दुसरं कुणी असतं तरी त्याने तेच केलं असतं. पण अडचण पैशांची होती तर मी "आपलं संगीत आता मोठं झालंय" असं का सांगितलं? कारण ते सांगायला सोपं होतं. नंतरचा आमचा अल्बम नीटनेटका आहे, पण आमच्यासारखे दुसरेही पुष्कळ बँड तसंच वाजवत होते. त्यात जिथे ट्रॉम्बोन यायला हवा होता तिथे मी गिटारचे तीन थर रचलेत. मला ते ऐकवत नाही.

हळू चालीत तर हॉर्न्स जास्त हवेत. लांब सूर, एकमेकांत मिसळणारे, आणि मध्ये श्वासाला मोकळ्या मात्रा. सलग वरचे सूर वाजवले की ट्रम्पेटवाल्याचे ओठ थकतात, ती विश्रांती चालीतच लिहावी लागते. तू लिहीत नाहीस. तिघांना सगळं गाणंभर एकत्र तीच ओळ फुंकायला लावतोस. वेग होता तोवर ते खपून गेलं.

तर येत्या तालमीत ते संथ गाणं 'ई फ्लॅट'मध्ये घ्या. दुसऱ्या कडव्यात तू गिटार खाली ठेव, पूर्ण खाली. त्या सोळा मात्रांत काय वाजवायचं ते ट्रॉम्बोनवाल्याला ठरवू दे. फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव, कच्चं असलं तरी चालेल. आणि त्याला अजून काही बोलला नसशील, तर बोलू नकोस.

तुझा,
एक जुना गिटारवाला