४० वॅटच्या अँपवर ६० वॅटचा स्पीकर जळू शकतो का?

हो, जळतो. तुम्ही लिहिलंय की अँप (म्हणजे अँप्लिफायर, स्पीकरला ताकद देणारं यंत्र) ४० वॅटचा आणि स्पीकर ६० वॅटचे, म्हणून वाढदिवसाला नॉब शेवटपर्यंत फिरवला आणि एका बाजूचा ट्विटर, म्हणजे डब्यातला उंच स्वरांचा छोटा स्पीकर, गेला. मी स्पीकरच्या कॉइली, म्हणजे आतली तारेची वेटोळी, बदलायचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी ट्विटरची कहाणी हीच असते.

अँपला ताकदीपेक्षा जास्त ओढलं की आवाजाच्या विजेच्या तरंगाची वरखालची टोकं छाटली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. टोकं पूर्ण छाटून तरंग चौकोनी झाला, तर ४० वॅटचा अँप ८० वॅटपर्यंत ओततो. त्यात मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर तयार होतात आणि ते थेट ट्विटरकडे जातात. डब्यावरचे ६० वॅट हे सगळ्या डब्याचे. एकट्या ट्विटरला त्यातले थोडेच झेपतात. असा ट्विटर उघडला की आधी जळक्या वार्निशचा वास येतो, आणि केसाइतकी बारीक तार एका जागी काळी पडून तुटलेली दिसते. घरगुती स्पीकरमध्ये विजेचा साधारण एक टक्काच आवाज होतो, बाकी सगळी उष्णता होऊन त्या तारेत राहते.

म्हणून वॅटचे आकडे जुळवत बसण्यापेक्षा कान उघडे ठेवा. गायकाचा ‘स’ चरचरायला लागला, ढोलकीची थाप बोदी वाटायला लागली, की आवाज फाटतोय. त्याच क्षणी नॉब मागे घ्या. तसंही वॅट दुप्पट केले तरी कानाला आवाज जेमतेम वाढलेला कळतो. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. त्या शेवटच्या दोन रेघांत तुम्हाला काही मिळत नाही, स्पीकर मात्र जातो.

बेसचं बटण तर खरंच जपून वापरा. बेस ६ डेसिबलने वाढवला की त्या स्वरांना चौपट वॅट लागतात. मोठ्याने लावायचं असेल तेव्हा बेस मधोमध ठेवा. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या प्लेअरमध्ये आवाज १०० टक्क्यांच्या वर नेऊ नका. तिथेच तरंग छाटला गेला, तर अँप कमी ठेवूनही फाटकाच ऐकू येतो. अँप सगळ्यात शेवटी चालू करा आणि सगळ्यात आधी बंद करा, म्हणजे तो ‘धप्प’ झटका कोनला, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याला, बसत नाही.

नवीन ट्विटर बसवण्याआधी दोन्ही डब्यांचे वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचे मोठे स्पीकर, तपासा. अँप बंद करून चार बोटांनी कोन सगळीकडून सारखा, अगदी हलका आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. मग मल्टिमीटर ओहमवर (विजेला होणाऱ्या विरोधाच्या मापावर) ठेवून वूफरच्या दोन टोकांना लावून बघा: ८ ओहमचा चांगला वूफर ६ च्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही, तर त्याचीही कॉइल तुटलीय. नवीन कॉइल टाकून घ्या.