कॅल्क्युलसच्या क्लासला २,८०० डॉलर?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलं आहे: मुलगी सप्टेंबरपासून बारावीला जाईल. शाळेत तिला एपी कॅल्क्युलस बीसी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा गणिताचा विषय) मिळालंय. जवळच्या एका खासगी क्लासने दहा महिन्यांचे २,८०० डॉलर सांगितलेत. त्यासाठी ५२९ खात्यातला (मुलांच्या शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) महिन्याचा २८० डॉलरचा हप्ता दहा महिने थांबवायचा विचार आहे. मिस्टरांचा हिशोब असा की एपीच्या परीक्षेत पाचपैकी ५ मिळाले तर कॉलेजची आठ क्रेडिट (पदवीसाठी जमवायची एककं) आयती पदरात पडतात. चार वर्षांची फी ७२ हजार धरली तर आठ क्रेडिटचे ४,८०० होतात. म्हणजे दोन हजारांचा फायदाच. क्लास लावू का?

ताई, मिस्टरांचा भागाकार बरोबर आहे. १२० क्रेडिटची पदवी, त्यात आठ म्हणजे पंधरावा हिस्सा. पण कॉलेज फी किलोच्या भावाने लावत नाही. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठासकट अनेक ठिकाणी सेमिस्टरला १२ किंवा जास्त क्रेडिट घेणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याची फी एकठोक असते. मुलीने १७ ऐवजी १३ क्रेडिट घेतली तरी बिल तेवढंच येणार. पैसे वाचतात ते अख्खं सेमिस्टर गळलं तर. मग मात्र तुमच्याच आकड्यांनी नऊ हजार वाचतात, शिवाय राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. त्याला पंधराएक क्रेडिट लागतात, एकट्या कॅल्क्युलसने ते होत नाही. मुलीने इंजिनिअरिंग घेतलं तर तेही अवघड. तिथे एका विषयावर दुसरा चढवलेला असतो आणि प्रोजेक्ट शेवटच्या वर्षालाच बांधलेला. अर्थशास्त्र किंवा गणिताकडे गेली, आणि बाकीच्या एपींची क्रेडिट जोडीला असली, तर सात सेमिस्टरमध्ये सुटणं शक्य आहे. तेव्हा आधी कॉलेजांची यादी काढा आणि प्रत्येकाचा एपी क्रेडिटचा तक्ता बघा. एमआयटी बीसीच्या ५ वर पहिल्या कॅल्क्युलस कोर्सचं क्रेडिट देतं, एबीला, म्हणजे बीसीहून कमी अभ्यासक्रमाच्या एपी कॅल्क्युलसला, काहीच देत नाही. सगळीकडे एकच भाव नाही.

दुसरी गोष्ट क्लासवाल्याने बहुधा सांगितली नसेल. परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैत. बारावीच्या मुलांचं कॉलेज तोवर ठरलेलं असतं. म्हणजे हे ५ गुण प्रवेशाच्या कामाचे नाहीत. प्रवेशाला उपयोग होतो तो ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) बीसी दिसण्याचा आणि पहिल्या सहामाहीच्या ग्रेडचा. ती शाळा फुकट शिकवते आहे. वर्ग जरूर घेऊ द्या, माझा प्रश्न फक्त त्या २,८०० चा आहे.

तुम्ही जोडलेला प्रीकॅल्क्युलसच्या चाचणीचा फोटो मी मोठा करून पाहिला. तीन ठिकाणी लाल शाई आहे: एकदा कंस सोडवताना उणे चिन्ह हरवलंय, दोनदा ट्रिगच्या आयडेंटिटी उलट्या लावल्यात. कल्पना कळलेली आहे, हात कच्चा आहे. यावर दहा महिन्यांचं पॅकेज म्हणजे पडशाला ऑपरेशन. सुट्टीत सहा आठवडे, आठवड्याला दोन तास, फक्त अल्जिब्रा आणि ट्रिग करून घेणारं कुणी शोधा. तासाला ५० डॉलर धरले तरी ६०० होतात. नोव्हेंबरात ग्रेड घसरलीच तर तेव्हा पुन्हा बघू.

शिवाय घरात मास्तर आहेच की! मिस्टर महाराष्ट्र बोर्डाची बारावी आणि पुढे इंजिनिअरिंग करून आलेत असं तुम्हीच लिहिलंय. इंटिग्रेशन बाय पार्ट्स त्यांनी बारावीत घोटलंय, टेलर सिरीज इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या एम-वनला (गणिताच्या पहिल्या पेपरला). बीसीतल्या पोलर आणि पॅरामेट्रिक या भागांसाठी खान अकॅडमीची साइट फुकट आहे, आणि जुन्या परीक्षांचे लेखी प्रश्न गुणदानासकट एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर आहेत. ते गुणदान मिस्टरांना मुद्दाम दाखवा. डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना अधिक C विसरला की पुढचे गुण कसे धडाधड जातात ते त्यात दिसतं. आपल्याकडे त्याला फार तर अर्धा मार्क जायचा. (बापलेकीचं गणितावरून वाजत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. घरातली शांतता ६०० डॉलरपेक्षा महाग.)

आता हप्ता. तो थांबवू नका. तुमचं खातं एनजेबेस्टचं, म्हणजे न्यू जर्सी राज्याच्या ५२९ योजनेतलं असेल आणि वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरच्या आत असेल, तर राज्याच्या आयकरात भरलेल्या रकमेची वजावट मिळते. २,८०० न भरल्यास तुमच्या कराच्या टप्प्यानुसार साधारण पावणेदोनशे डॉलरपर्यंतची करबचत हातची जाईल. जुलै २०२५ पासून फेडरल कायद्याने ५२९ मधून एपी परीक्षेची फी आणि घराबाहेरची शिकवणीही देता येते. मात्र शिकवणारा नात्यातला नको, आणि तो परवानाधारक शिक्षक, कॉलेजात शिकवलेला किंवा विषयाचा जाणकार हवा. राज्याचा कर हाच नियम पाळेल असं धरून चालू नका, पैसे काढण्याआधी सीपीएला (कर सल्लागाराला) विचारा. माझं मत विचाराल तर ६०० डॉलरसाठी खात्याला हात लावू नये. पुढच्या वर्षी पहिलं बिल त्यातूनच भरायचंय.

परीक्षेची फी शंभरच्या आसपास आहे, ती जरूर भरा. नोंदणी शाळेतूनच होते, शेवटची मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर. उशीर झाला तर वर ४० डॉलर, आणि नोंदवून न बसल्यासही ४० कापतात. एप्रिलमध्ये कॉलेज ठरेल. तिथे बीसीचं क्रेडिट चालत नसेल तर ४० सोडून उरलेले शाळेकडून परत मागा.