वाचकांचे प्रश्न : हाताने चालवली की चालते, रात्री मात्र नाही

(या सदरात लिनक्स या संगणकप्रणालीच्या आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.)

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाची सभासदनोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहे. वर्गणीचे आकडे देवनागरी असल्यामुळे क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला ते संख्या म्हणून कळत नाहीत. म्हणून मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’च्या ‘वाय’ आज्ञेने (ती एका चिन्हाच्या जागी दुसरे घालते) आधी ते इंग्रजी अंकांत बदलतो आणि मग यादी लावतो. टर्मिनलवर ही स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, व्यवस्थित चालते, परंतु क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीतून) रात्री चालली की सकाळी यादीची फाइल रिकामी सापडते. असे का व्हावे? — एक ग्रंथालय कर्मचारी, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या वर्णनावरून येथे दोन दोष एकत्र आलेले दिसतात. पहिला भाषेच्या मांडणीचा, म्हणजे लोकॅलचा. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी अंक ३ बाइट घेतो. आपण लॉगिन करता तेव्हा संगणकाला ही पद्धत सांगितलेली असते, पण क्रॉनपर्यंत ती पोहोचेलच असे नाही. आणि ती पोहोचली नाही की ‘सेड’ अक्षरे न मोजता बाइट मोजतो. मग त्याला डावीकडे (दहा देवनागरी अंकांची) ३० आणि उजवीकडे (दहा इंग्रजी अंकांची) १० चिन्हे दिसतात, ‘वाय’ आज्ञेला तर दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या लागतात, त्यामुळे तो लांबीची तक्रार करून थांबतो. ही तक्रार क्रॉन टपालाने पाठवतो, परंतु संगणकावर टपालाची व्यवस्था नसेल तर ती कोणाच्याच वाचनात येत नाही. स्क्रिप्टच्या आरंभी ‘एलसी_ऑल’ या चलाचे मूल्य ‘सी.यूटीएफ-८’ असे ठेवून ते एक्स्पोर्ट करावे.

‘सेड’ऐवजी ‘टीआर’ ही चिन्हे बदलणारी आज्ञा वापरण्याचा मोह मात्र टाळावा. लिनक्सवरील नेहमीचा ‘टीआर’ बाइटच बदलतो आणि देवनागरीचा चुराडा करतो. ओळीचे तुकडे कापणाऱ्या ‘कट’चा अक्षरे मोजण्याचा पर्यायही नावापुरताच असून बहुतेक ठिकाणी तो बाइटच कापतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात ‘ऑक’ या मजकूर हाताळणाऱ्या आज्ञेच्या नावाने पुष्कळदा तिची ‘मॉक’ ही आवृत्ती चालत असते. तिच्याकडूनही अक्षरांची लांबी बरोबर येत नाही, तेव्हा ‘गॉक’ ही आवृत्ती बसवून घ्यावी.

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. ‘>’ हे निकाल फाइलमध्ये लिहिण्याचे चिन्ह दिसताच आज्ञा चालवणारा शेल पुढची फाइल आधी रिकामी करतो आणि नंतर आज्ञा सुरू करतो. आज्ञा फसली तरी फाइल रिकामी होऊन बसलेली असते आणि पुढचा बॅकअप ती रिकामी फाइल इमानेइतबारे कालच्या चांगल्या प्रतीवर लिहितो. म्हणून निकाल ‘मेकटेम्प’ने केलेल्या तात्पुरत्या फाइलमध्ये घ्यावा आणि आज्ञा यशस्वी झाली तरच ‘एमव्ही’ने तिला खरे नाव द्यावे.

जाता जाता : ‘सी.यूटीएफ-८’मध्ये क्रम युनिकोड या अक्षरसंकेतातील क्रमांकांनुसार लागतो. ‘क्ष’ हा ‘क’मध्ये जातो, ‘ज्ञ’ हा ‘ज’मध्ये, ‘ळ’ येतो ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये, आणि ‘ॲ’ तर अंकांच्याही मागे पडतो, त्यामुळे नावाआधी ‘ॲड.’ लावणारे सगळे सभासद यादीच्या शेवटी जमतील. ‘ळ’ने नावे सुरू होत नसल्याने त्याची चिंता फारशी नको. ‘ॲ’ला मात्र क्रम लावण्यापुरते ‘अ’ आणि चंद्र अशा दोन चिन्हांत मोडून घ्यावे.

प्रश्न : पत्त्यांच्या यादीत ‘कऱ्हाड’ शोधले की शोध घेणारा ‘ग्रेप’ निम्मेच पत्ते दाखवतो. उरलेले पत्ते डोळ्यांना अगदी तसेच दिसतात. — कर्वेनगर

उत्तर : पडद्यावर सारखा दिसणारा हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह असते. निरनिराळ्या कळफलकांवरून नोंदी झाल्या की दोन्ही प्रकार एकाच फाइलमध्ये येतात आणि ‘ग्रेप’च्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एक करण्याच्या प्रक्रियेनेही) हे दोन एक होत नाहीत. वर सांगितलेल्या ‘ॲ’च्या दोन रूपांचेही तसेच आहे. संशयास्पद ओळ ‘एक्सएक्सडी’तून पाहिली की बाइटमधील फरक लगेच दिसतो.

उपाय म्हणून सगळे अदृश्य जॉइनर पुसून टाकावेत, असे सुचवले जाते. ते करू नये. जॉइनर गेला की अर्ध्या ‘र’चा रफार होतो आणि ‘कर्हाड’ असे भलतेच गाव तयार होते. र, हलन्त, जॉइनर ही पूर्ण तिकडी एकत्र शोधून तिच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावा, आणि हा बदल आधी प्रतीवर करून फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ने पाहावा.

प्रश्न : भोसरीतील आमच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या फाइली रोज ‘आरसिंक’ या नक्कल करणाऱ्या आज्ञेने बाहेरच्या डिस्कवर जातात. मध्यंतरी डिस्क काढलेली असतानाही स्क्रिप्टने ‘बॅकअप पूर्ण’ असे सांगितले. आता संगणकाची मूळ डिस्क भरली आहे, पण फाइलींची जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ला एवढ्या फाइली सापडत नाहीत. — भोसरी

उत्तर : डिस्क काढली तरी ती ज्या फोल्डरवर जोडली जाते तो फोल्डर मूळ डिस्कवर राहतो. ‘आरसिंक’ने सगळ्या फाइली त्यातच लिहिल्या. पुढे डिस्क पुन्हा जोडल्यावर त्या तिच्याखाली झाकल्या गेल्या, म्हणून डिस्कवरील शिल्लक जागा सांगणारा ‘डीएफ’ जागा संपली म्हणतो आणि ‘डीयू’ला काही दिसत नाही. डिस्क अनमाउंट करावी, म्हणजे प्रणालीतून सोडवावी, फोल्डरमध्ये काय आहे ते पाहावे, डिस्कवर नसलेली एखादी नवी फाइल तिथे अडकलेली नाही याची खात्री करावी आणि मगच ते रिकामे करावे. यापुढे ‘माउंटपॉइंट’ आज्ञेने डिस्क जोडलेली असल्याचे तपासल्याशिवाय स्क्रिप्टने पुढे जाऊ नये.

याच्या उलट प्रसंग अधिक घातक असतो. मूळ फाइली नेटवर्कवरील डिस्कवर असतील, ती डिस्क जोडली गेली नसेल आणि आज्ञेत ‘डिलीट’ पर्याय असेल, तर ‘आरसिंक’ला मूळ फोल्डर रिकामा दिसतो आणि तो बॅकअपही तसाच रिकामा करतो. ‘मॅक्स-डिलीट’ने पुसण्यावर मर्यादा घालावी, आणि आज्ञेत कोणताही बदल केला की पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने कोरडी, म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलता, घ्यावी. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटची तिरकी रेघही तेव्हाच तपासावी : ती असेल तर फोल्डरमधील फाइली जातात, नसेल तर फोल्डरच जातो.

‘बॅकअप पूर्ण’ ही ओळ आपली स्क्रिप्ट नुसतीच छापत असावी. ‘आरसिंक’चा शेवटचा संकेतांक ० असेल तरच ती छापावी. २४ आला तर चालू कामात एखादी फाइल नाहीशी झाली इतकेच, ते खपवून घेता येईल. २३ म्हणजे काही फाइली पोहोचल्याच नाहीत, ते खपवू नये.

प्रश्न : विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते. — कोथरूड

उत्तर : विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे जादा चिन्ह ठेवते. ते काढण्यासाठी ‘डॉस-टू-युनिक्स’ चालवावे.

प्रश्न : नावात तारीख असलेला बॅकअप क्रॉनमधून तयारच होत नाही. शिवाय दुपारचा बॅकअप काही गुरुवारी चुकतो. — धनकवडी

उत्तर : क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, ओळीत टक्क्याचे चिन्ह (%) म्हणजे ओळ संपली असे धरले जाते आणि तारखेच्या आज्ञेत ते चिन्ह असतेच. त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी, किंवा सगळी आज्ञा स्क्रिप्टमध्ये हलवून क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचे नाव ठेवावे. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. गुरुवारचे कारण पुणेकरांना सांगायला नको : देखभालीसाठी वीज बंद असेल तर संगणकही बंद, आणि चुकलेली वेळ क्रॉन भरून काढत नाही. रोजचे काम ‘ॲनाक्रॉन’कडे द्यावे, किंवा सिस्टमडी या लिनक्सच्या सेवाव्यवस्थापकाचा टायमर लावून त्यात ‘पर्सिस्टंट’ सुरू ठेवावे. वीज येऊन संगणक सुरू झाला की राहिलेला बॅकअप घेतला जाईल.