बुटीबोरीतल्या आमच्या खासगी कंपनीत चार संचालक आहेत. मतं २-२ पडली तर अध्यक्ष म्हणेल तेच का?

आधी आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली, उघडा. २०१३ च्या कंपनी कायद्यातला टेबल एफ (या नियमावलीचा नमुना) जसाच्या तसा घेतला असेल, तर बरोबरीत अध्यक्षाला दुसरं, निर्णायक मत मिळतं. ते सभेपुरतंच. एरवी तो चौघांतला एक. सीताबर्डीच्या ऑफिसात बसून एकट्याने ठराव करता येत नाही. (आणि तो पाच मिनिटांत आला नाही, तर हजर संचालक आपल्यातला एक त्या सभेपुरता अध्यक्ष निवडू शकतात.)

खरं भांडण इतिवृत्तावर होतं. सभेनंतर १५ दिवसांत मसुदा सगळ्यांना, हरकतीसाठी ७ दिवस, ३० दिवसांत वहीत नोंद. सही त्याच किंवा पुढच्या सभेच्या अध्यक्षाची. इथे ढिलाई झाली की निर्णायक मत दिलं होतं हे नंतर सिद्ध करणं जड जातं.